क्रूसाला लावलेला कौल

यशवंतराव जमादार ख्रिस्ती झाले तेव्हा धारला मोठा धक्का बसला, पण तो आठवडाभरच टिकला. छपन्याचा दुष्काळ नुकताच सरला होता. लोकांनी त्याहून वाईट गोष्टी पाहिल्या होत्या. दरबारच्या पागेवरची त्यांची नोकरीही राहिली, कारण घोड्यांनी तक्रार केली नाही. घरातला खंडोबाचा टाक तिरल्याला, गावी राहिलेल्या भावाकडे गेला, त्याच्या जागी भिंतीवर शिसवी क्रूस आला, आणि त्यांची बायको यमुनाबाई, जिला सगळी आळी माई म्हणे, नवऱ्यामागोमाग बाप्तिस्मा घेऊन मोकळी झाली. माईचं माहेर देवासचं. एका गावावर दोन राजे, त्यामुळे दोन्हीकडे मुजरा करून शेवटी आपल्याला हवं तेच करायची तिथल्या माणसांना उपजत सवय असते, असं मी ऐकून होतो. नुसतं ऐकून होतो.

मी त्यांचा शेजारी, शाळेत मास्तर. बी.ए. झाल्यामुळे आळीत इंग्रजी जिथे अडेल तिथे मला हाक मारत. त्या सकाळी हाक आली ती जमादारांच्या घरून. त्यांची दहा वर्षांची इंदू तापाने फणफणली होती, मांडी सुजून भोपळ्यासारखी झाली होती, आणि मिशनच्या डॉक्टरीणबाई तिच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी मांडी दाबली तशी पोर अशी किंचाळली की मी दाराबाहेर बघू लागलो.

बाई इंग्रजीत म्हणाल्या ते मी मराठीत सांगितलं. हाडापर्यंत पू झाला आहे. गुंगी देऊन आज दुपारच्या आत कापावं लागेल. उद्यावर गेलं तर मुलगी वाचणार नाही.

यशवंतराव म्हणाले, "विचारून सांगतो."

बाईंना वाटलं, बायकोला विचारणार. त्या तयारी करायला दवाखान्यात गेल्या. मलाही तसंच वाटलं. एवढ्यात उमाशंकर पाद्री आले. हे मूळचे बाग नावाच्या गावाकडचे, मराठी सगळं समजे, बोलताना मात्र माळवी मध्ये घुसे. आम्ही दोघे ओसरीवर बसलो. यशवंतरावांनी अंघोळ केली, ओलेत्याने आत आले, आणि माईला म्हणाले, "फुलं दे."

माईने तबकात मोगऱ्याची दोन फुलं आणली, पाण्यात बुडवली आणि क्रूसाच्या दोन्ही हातांवर एकेक चिकटवलं.

हा कौल. आमच्याकडच्या मराठा घरांत पिढ्यानपिढ्या चालत आलेला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं लावायची, प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आता क्रूसाला दोन हात असतात, हे मी वर्षभर पाहत होतो. कौल लावायला इतका सोयीचा देव दुसरा नसेल, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझं बी.ए. तत्त्वज्ञानात झालं होतं.

उमाशंकर उठून उभे राहिले. तोंड उघडं. "जमादार भिया! ये क्या कर रिये हो?"

"विचारतोय."

"किसको?"

"तुम्ही ज्याचं नाव सांगितलं त्यालाच. दुसरा कोण उरलाय घरात?"

डावं फूल पडलं. टप् असा आवाजसुद्धा झाला.

यशवंतरावांनी हात जोडले आणि पोरीच्या अंथरुणापाशी मांडी घालून बसले. "नाही म्हणाला. कापायचं नाही."

पाद्रीबाबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. "अरे, यो हिंदू लोगां को काम है! प्रभू असा बोलत नाही!"

"कसा बोलतो?"

"अंतःकरणात!"

"माझ्या अंतःकरणात सकाळपासून एकच आवाज आहे, पोरीचा. त्यातून दुसरा ऐकू कसा यायचा? म्हणून फुलं लावली." मग ते शांतपणे म्हणाले, "गेल्या रविवारी तुम्हीच अब्राहामाची गोष्ट सांगितली. लेकराला वेदीवर ठेव म्हटलं, ठेवलं. का म्हणून विचारलं नाही."

"पण सुरी उचलली तेव्हा देवाने त्याचा हात धरला ना!"

"माझाही धरला की," यशवंतराव म्हणाले. "सुरी डॉक्टरीणबाईंची आहे, एवढाच फरक."

उमाशंकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी क्रूसाकडे पाहिलं. पोर मरणार होती, आणि तीही निर्दोष तर्काने.

माई म्हणाली, "अहो, परत विचारा ना."

"परत नाही."

"खंडोबा होता तेव्हा तीन-तीनदा विचारायचात."

"तो घरचा होता. मागे लागलं की ऐकायचा. हा एकदाच बोलतो."

माई भिंतीला टेकली. इंदूने झोपेत "आई" म्हटलं, आणि माईच्या तोंडून ते बाहेर पडलं, तेही इतक्या साध्या आवाजात की मला आधी वाटलं ती पाणी हवंय का विचारते आहे.

"डावं फूल मी नीट चिकटवलंच नाही."

"काय?"

"नुसतं टेकवलं होतं. सुरीची भीती वाटली मला. ते औषध हुंगवतात, माणूस उठतच नाही, असं सगळ्या बायका म्हणतात. म्हटलं, आत्ता ‘नाही’ येऊ दे, तोवर ताप उतरतो का बघू, मग तुम्ही परत विचाराल तेव्हा उजवं पाडीन." तिचा आवाज चढला. "मला काय ठाऊक, हा एकदाच बोलतो म्हणून!"

यशवंतराव बायकोकडे असे बघत होते, जणू भिंत बोलली असावी.

"आणि खंडोबाच्या वेळी?"

माईने पदर पुढे ओढला.

"तिरल्याचं शेत विकून इथे राहायला आलो, तेव्हा?"

"मला पोरगी शहरात वाढवायची होती."

"माझ्या बहिणीचं स्थळ मोडलं ते?"

"तो माणूस पीत होता. तुम्ही माझं ऐकलं असतं का? खंडोबाचं ऐकलंत."

यशवंतरावांनी मग जे विचारलं ते त्यांना विचारायचं नव्हतं, हे दिसत होतं. "आणि बाप्तिस्मा घेऊ का म्हणून विचारलं, तेव्हा?"

"तेव्हा मी नव्हते," माई म्हणाली. "मला कावळा शिवला होता. परसात बसले होते. फुलं तुमची तुम्हीच लावलीत. म्हणून तर एवढं सगळं झालं!"

माळव्यात मिशन किती वर्षं खपत होतं कोण जाणे. त्यातला एक मोठा विजय माईच्या चार दिवसांच्या विटाळावर उभा होता, हे उमाशंकरांना तिथल्या तिथे पचवावं लागलं. त्यांनी डोळे मिटले. प्रार्थना करत असावेत, किंवा चक्कर आली असावी.

यशवंतराव मात्र आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत होते. "त्या दिवशी डावं फूल मी चांगलं दाबून बसवलं होतं," ते म्हणाले. "पडू नये म्हणून. आत्ता आठवलं."

आता त्या घरात देवाचा म्हणून सांगावा असा एकही शब्द उरला नव्हता. जुना नाही, नवा नाही. मला वाटलं माणूस रडेल, नाहीतर बायकोवर हात टाकेल. पाद्रीबाबांना काय वाटलं देव जाणे. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "भिया, हवं तर एक बार और लगा लो. फुलं मी लावतो. ईमान से."

दीक्षा घेतलेला पाद्री हे म्हणाला. मी माझ्या कानांनी ऐकलं.

"नको," यशवंतराव म्हणाले. त्यांनी इंदूला गोधडीसकट उचललं. "मास्तर, छत्री धरा. ऊन लागेल तिला."

"पर प्रभूने क्या कहा?" उमाशंकर मागे धावत.

"काही नाही."

"मग जाताय कसे?"

"पाद्रीबाबा, मालक चार दिवस पागेकडे फिरकला नाही म्हणून घोड्याला उपाशी ठेवतात का? चारा घालायचा. हुकूम लागत नाही त्याला." उंबऱ्यावर थांबून ते माईला म्हणाले, "चल. आणि वाटेत काही लावू नकोस कशाला."

दवाखान्याच्या ओसरीवर माई पदराचं टोक चावत बसली. आतून गोडसर, डोकं फिरवणारा वास आला तशी ती उठली आणि दाराशी धावली. यशवंतरावांनी तिचा हात धरला, आणि पुढे सगळा वेळ सोडला नाही. चारचौघांत, नवरा-बायकोने. त्या दिवशीच्या इतर गोष्टींपुढे त्याचंही मला काही वाटलं नाही. उमाशंकरांनी मोठ्याने प्रार्थना सुरू केली. यशवंतराव म्हणाले, "मनात करा. बाईंना काम करू द्या."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाह्या लाल झालेल्या. त्यांनी मला भरभर काहीतरी सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं इंग्रजी गेलं कुठे कळेना.

"मास्तर, मराठीत सांगा हो!" माई ओरडली.

"वाचली," मी म्हणालो. "पू सगळा निघाला. पाय बहुधा थोडा आखूड राहील."

माई खालीच बसली. जरा वेळाने नाक पुसून म्हणाली, "आखूड पायाच्या पोरीला स्थळ कुठून यायचं? तेही आम्ही असे बाटलेले. अहो, कुणाला विचारायचं?"

"कुणाला नाही," यशवंतराव म्हणाले. "आत जा. डोळे उघडेल तेव्हा तू दिसायला हवीस."