कस्तुराची साक्ष

"इतल्या भाकरी कोन खाई वं, अक्का?"

बेबाबाई दारातच थबकली. चुलीपुढे पसरलेल्या धोतराच्या फडक्यावर भाकऱ्यांची चळत लागली होती आणि कस्तुराचा हात अजून परातीतच होता. शेजारच्या टोपात तुरीची डाळ रटरटत होती.

"बठ्ठा येतीन, सगळा पाडा," कस्तुरा मान वर न करता म्हणाली. "सकायनी गाडीवर दोंडाईचाले उतरतीन, तठून जीपवर. जेवनले टेकतीन बघ."

नाताळची सकाळ होती. पाड्यावरची बाकीची घरं दिवाळी होताच कुलूप लावून गुजरातेत ऊसतोडीला गेली होती. कस्तुराचा मुलगा बादल, सून ललिता, नातवंडंही गेली होती. मागे राहिली गुडघ्यानं अडलेली कस्तुरा, तिच्याकडे असलेली प्रार्थनाघराची किल्ली, आणि पलीकडची बेबाबाई. बेबाबाई वाघदेवाला मानणारी, पण नाताळच्या जेवणाला मात्र कधी चुकत नसे. देव वेगळा असला म्हणून डाळ वेगळी लागते का, असा तिचा रोखठोक हिशेब.

पाड्याची एक रीत होती. तोडीला निघायच्या दिवशी प्रत्येक घर प्रार्थनाघरातल्या कणगीत मुठी-मुठीनं ज्वारी टाकून जाई. नाताळला सगळे एक दिवस परत येत, त्याच धान्याच्या भाकरी एका पंगतीत बसून खात आणि संध्याकाळच्या गाडीनं पुन्हा उसाच्या फडात जात. एवढ्याशा दिवसासाठी एवढा आटापिटा कशाला, असं कुणाला वाटेल. ज्याला वाटतं त्यानं दिवाळी ते होळी ओस पाड्यावर एकट्यानं राहून बघावं.

यंदा पावसानं दगा दिला. निघताना ज्यानं त्यानं घरच्या कणगीत हात घातला, तर बोटं तळाला लागली.

"माय, यंदा मूठ टाकाले दाना नही," बादल म्हणाला होता. "नाताळ ऱ्हाऊ दे."

"देव देई," कस्तुरा म्हणाली.

बादल हसला. आईचा विश्वास त्याला ठाऊक होता आणि आईचा दाण्यांचा रिकामा डबाही.

लोक गेले आणि कस्तुरानं देवाचा पिच्छाच पुरवला. सकाळ-संध्याकाळ रिकाम्या प्रार्थनाघरात बसून ती एकच मागणं मागे. देवा, कणगी भर. मला नको, त्यांच्यासाठी भर. नुसती मागत बसणारी मात्र ती नव्हती. जीवरामनानाच्या विहिरीखालच्या शेतात ज्वारी निघाली, तेव्हा ती बांधावर जाऊन उभी राहिली. कापणीनंतर रानात पडलेली कणसं, म्हणजे सरवा, वेचू द्या म्हणाली. दरवर्षी नाना लगेच बकऱ्या सोडायचे. यंदा कोण जाणे काय झालं, म्हणाले, "वेच बाई. आधी तू, मंग बकऱ्या."

दुखऱ्या गुडघ्यानं बसून सरकत सरकत तिनं अख्खं रान वेचलं. स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन रोजची मूठ वेगळी टाकली. मग एक दिवस बेबाबाई ओच्यात तूर घेऊन आली. "साक्षमा मनं नाव लेजो बरं," म्हणाली, "नहीत बठ्ठं पुण्य तुना देवच लई जाई."

कणगी भरली. कस्तुरा कणगीला टेकून पोटभर रडली. देवानं तिचं ऐकलं होतं, आणि तिच्यासारख्या बाईचं ऐकणारं पाड्यावर दुसरं होतं तरी कोण?

ही गोष्ट तिनं फोनवर बादलला सांगितली नाही. कारण होती ती साक्ष. प्रार्थना ऐकली गेली की उपासनेत उभं राहून सगळ्यांपुढे सांगायचं, ही त्यांच्या मंडळीतली पद्धत. कस्तुरानं आजवर इतरांच्या साक्षी ऐकल्या होत्या. कुणाचा ताप उतरला, कुणाची दारू सुटली. आपल्याजवळ सांगण्यासारखं काही नाही म्हणून ती खाली बघत बसे. यंदा होतं. फोनवर आधीच सांगून ते शिळं का करायचं? भाकरी थापतानाही तिचे ओठ हलत होते. नानाचं नाव आधी घ्यायचं की बेबाबाईचं, एवढंच ठरत नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं. जीप आली, फाट्यावर थांबली, निघून गेली. पायवाटेनं कोणी आलं नाही.

मग फोन वाजला.

"जय मसी, माय!" पलीकडून बादल ओरडत होता. मागे ढोलकी आणि पोरांचा गलका.

"कोठे पोचनात रे?"

"कोठेच नही. आम्ही आठेच, फडवरच शेतस. बठ्ठास्नी ठरावं, यंदा घर दाना नही, इतला लोके जातीन त मायना जीवले घोर. आठे पास्टर येल शेतस, पोरे बी खूश शेतस." मग त्यानं विचारलं, "तू काही रांधं त नही ना, माय?"

कस्तुरानं भाकऱ्यांकडे पाहिलं.

"नही रे. मनापुरती भाकर. एकलीले कितलं लागस?"

"देव देई म्हने ना तू? दिधं का मंग?"

"दिधं."

"कितलं?"

"पुरस तितलं," ती म्हणाली. पोरांना जपायला सांगून तिनं फोन ठेवला.

राग यावा असं कुणी काही केलंच नव्हतं. मायेपोटीच आले नव्हते सगळे, आणि ते जास्त लागत होतं. तिनं देवाकडे ज्वारी मागितली, माणसं मागितली नाहीत. माणसं काय, दरवर्षी आपोआप येत होती.

"सांग ना त्याले," बेबाबाई चिडून म्हणाली. "उद्या तरी येतीन."

"सांगसू त रात्रभर रडी तो. जेवू दे त्याले." कस्तुरानं तिच्यापुढे ताट सरकवलं. "बस. तू त खाय."

दोघी जेवल्या. बेबाबाईनं मुद्दाम दोन भाकरी जास्त खाल्ल्या, तरी चळत तशीच राहिली. जाताना तिच्या पदरात कस्तुरानं मावतील तेवढ्या बांधल्या, तरीही.

मग तिनं अंगणात खाट ओढली, तिच्यावर लुगडं अंथरलं आणि एकेक भाकर मोडून तुकडे उन्हात पसरले. कडक वाळले की टिकतात, पाण्यात भिजवून मिठाशी खाता येतात. एका माणसाला ते पुष्कळ दिवस पुरले असते. कावळे कुडावर येऊन बसले. कस्तुरानं काठी घेतली आणि ऊन कलेपर्यंत खाटेशी राखण करत बसून राहिली.