सांध्याखालची फूट

कडाक्याच्या थंडीत, एकही पान नसताना, नुसत्या काड्यांवर फुलं येतात, हे अण्णांना तीन वर्षं फोनवर पटत नव्हतं. "आमच्या राजापुरात नाही ऐकलं असलं काही. दुकानदाराने गंडवलंन् तुला," म्हणायचे. माझ्या विच हेझलच्या झुडपासोबत आलेल्या लेबलवरच्या चित्रात तर चक्क बर्फ होता आणि त्यात लालभडक दोऱ्यांसारखी फुलं. "या एकदा नॉटिंगहॅमला, दाखवतेच," मी म्हणायची.

आले. २००७चा जानेवारी अर्धा सरला. शनिवारी त्यांचं परतीचं विमान, आणि झाड माझ्या डोक्याच्या वर गेलेलं, पण फूल एक नाही.

गुरुवारी सकाळी माझ्या नवऱ्याचा ओव्हरकोट चढवून अण्णा बागेत गेले. वाकून बुंध्यावर अंगठा फिरवला.

"मधलं कुणी कापलं?"

"मीच. नाताळच्या आधी. दोनच वाकड्या काड्या होत्या हो, वाढतच नव्हत्या. वर सगळ्या तपकिरी गाठी. मला वाटलं, रोग. बाजूचे फुटवे बघा की, कसे सरळसोट..."

"रोग!" अण्णा म्हणाले. मग बुंध्यावरच्या जाड गाठीवर बोट टेकवून, "अगो, कलम आहे हे. हा बघ सांधा. तुझे सरळसोट आहेत ना, ते ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या जंगली खुंटाचे. हापूस कापलास आणि रायवळ पोसलंस."

चार हजार कलमं बांधलेल्या माणसाची मी मुलगी. सासरी किती मिरवलं होतं! पण बांधायला त्यांनी शिकवलं माधवला, माझ्या भावाला. मी बागेत चहा न्यायची आणि रिकामे कप घेऊन परत यायची.

"काड्या कुठायत? जीव असेल तर पुन्हा बांधू."

मी नुसतं बोट दाखवलं. बारीक तुकडे करून त्याच झाडाच्या मुळाशी पसरले होते मी. खत म्हणून.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा चिखलात गुडघे टेकून ते तुकडे चिवडत राहिले. बांधण्याजोगा एक निघेना. शेवटी पेराएवढा एक उचलून त्यावरची गाठ त्यांनी नखाने फोडली. आत बारीक घडी घालून ठेवलेले लाल दोरे.

"लाल आहे गो खरंच," अण्णा म्हणाले.

तीन वर्षं मी हेच ऐकायला थांबले होते. ऐकलं, आणि तिथेच ओल्या मातीत त्यांच्या शेजारी बसले.