गेरूच्या आत

"सून आली आणि झाड वाळलं. मी आपली नुसती बघतेय हां सरोजिनीताई, म्हणत काही नाही."

हे बोलल्या शेजारच्या स्मिताकाकू, जेठातल्या एका सकाळी, माझ्या बुंध्याला टेकून. सरोजिनीताई गवारीच्या शेंगा मोडत होत्या. त्यांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. एक शेंग मोडली, दुसरी उचलली. बुंध्याच्या पलीकडे दोरीवर ओली चादर टाकणारी ती सून, शिवांगी, तशीच उभी राहिली. चादरीतलं पाणी तिच्या पायावर गळत राहिलं. दोन्ही बाजूंच्या मध्ये होतो फक्त मी.

मी म्हणजे तेच झाड. गुलमोहर. इंदुरात स्नेहलतागंजातल्या या घराच्या अंगणात पन्नास वर्षं उभा आहे आणि आजवर कुणाच्या बोलण्यात तोंड घातलेलं नाही. आज घालतोय, कारण वेळ थोडा आहे आणि जिनं बोलायचं ती बोलत नाहीये.

मला इथं आणलं शामरावांनी. रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते. डालड्याच्या डब्यात माझं वीतभर रोप घालून सायकलच्या हँडलला लटकवून घेऊन आले. त्यांचे वडील नोकरीसाठी इंदूरला आलेले, आणि माझी जात तर समुद्रापलीकडून आलेली. बाहेरून येऊन इथलेच होऊन बसलेले दोघे, म्हणून आमचं जमलं असावं. त्यांचा मुलगा शरदचंद्र तेव्हा शाळेत होता. मला रोज एक लोटा पाणी घालायचं काम त्याच्याकडे होतं, आणि त्यानं ते कधी चुकवलं नाही. आता तो सत्तरीकडे झुकलाय. अजूनही सकाळी दात घासता घासता माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "काय रे, बरा आहेस ना?"

मी बरा नाही. पण त्याला ते कळायला हवं तर त्यानं मला रंगवणं थांबवायला हवं होतं.

सांगतो. सहा वर्षांपूर्वी एका वादळात माझी खालची फांदी बुंध्यापासून फाटून गेली. तिथं खोबण पडली. तिच्यात पाणी साचायचं, मुंग्या शिरायच्या. शरदचंद्रांना ते बघवेना. त्यांनी स्वतः विटांचे तुकडे भरले, वर सिमेंट थापलं, हातानं गुळगुळीत केलं. माणसाचा दात किडला तर डॉक्टर भरतात ना, तसंच, असं त्यांनी भूषणला, म्हणजे त्यांच्या मुलाला, कौतुकानं सांगितलं. पण डॉक्टर आधी कीड काढतो. इथं कीड आत राहिली आणि दार बंद झालं. दर दिवाळीला कमरेपर्यंत गेरू, वर चुन्याचा पट्टा. लोक म्हणायचे, काय छान ठेवलंय हो झाड. मी आतून भुसा होत होतो आणि बाहेरून नवरदेव दिसत होतो.

मग खरोखरच नवरदेव ठरला. भूषणचं लग्न. पाहुणे येणार, अंगणात चिखल कसा चालेल? दसऱ्यानंतर खोदकाम सुरू झालं. फाटकापासून नवी नाली टाकायची होती. माझी पश्चिमेकडची मुळं मांडीएवढी जाड, नेमकी मध्ये. कामगारानं विचारलं, "बाबूजी, जड़ आ रही है बीच में." शरदचंद्र घरात आमंत्रणांच्या याद्या करत होते. "काटो भिया, थोडीशी काटो, इतना बड़ा पेड़ है, क्या फर्क पड़ेगा," असं आतूनच म्हणाले. पश्चिमेकडूनच वारा येतो. त्याच मुळांनी मी इतकी वर्षं जमीन धरून होतो. वरून अंगणभर फरशीचे ठोकळे बसले, अगदी बुंध्याला भिडून. पाऊस आला की पाणी माझ्यावरून वाहत नालीत जातं. मी फक्त त्याचा आवाज ऐकतो.

मार्गशीर्षात शिवांगी या फरशीवरून चालत घरात आली. गौतमपुऱ्याची मुलगी, मास्तरांची. बोलणं कमी, बघणं जास्त. सासरची माणसं म्हणायची, पोरगी साधी आहे. मला तसं वाटलं नाही. कचरागाडीचं गाणं ऐकून ती माझी झडलेली पानं ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला यायची, तेव्हा तिनं दुसऱ्याच आठवड्यात एक डहाळी मोडून पाहिली. आत हिरवी नव्हती. तिनं वर पाहिलं, खाली फरशी पाहिली, नालीची नवी रेघ पाहिली. मग डबा उचलला आणि आत गेली.

जेठ आला. माझ्या फुलायच्या दिवसांत माझी अर्धी बाजू उघडी पडली होती. उरलेल्या बाजूला चार झुबके, तेही ओशाळल्यासारखे. तेव्हाच स्मिताकाकू ते बोलल्या, जे तुम्ही वर वाचलंत. त्या दिवसापासून शिवांगी कपडे गच्चीवर वाळत घालायला लागली.

खरं सांगायचं तर काकूंचं अगदीच खोटं नव्हतं. सुनेला आणण्यासाठी केलेल्या तयारीनंच माझा जीव घेतला. फक्त कुऱ्हाड कुणाच्या हातात होती, ते सांगायचं राहिलं.

श्रावण सरता सरता, बुंध्यापाशी, गेरूच्या पट्ट्यातून एक अळंबी फुटली. आधी सुपारीएवढी. मग तळहाताएवढी. तपकिरी, वरून लाख लावल्यासारखी चकचकीत, कडेला पांढरी. मग तिच्या दोन बाजूंना दोन पसरट पाळ्या आल्या आणि मधूनच एक जाड, वळलेली गाठ खाली उतरली.

सरोजिनीताई सकाळी तुळशीला पाणी घालायला आल्या आणि त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला. "अहो! बाहेर या! अहो, लवकर या! बाप्पा आलेत!"

घर धावत आलं, मग शेजार, मग गल्ली. "सोंड बघा, सोंड. एकदम डावीकडे आहे." "कान तर हुबेहूब!" कुणी मोबाइल काढला, कुणी नमस्कार केला. गणेशचतुर्थी आठ दिवसांवर होती. पन्नास वर्षांत मला कुणी एक दोरा गुंडाळला नव्हता. वड नाही, पिंपळ नाही, उंबर नाही, परदेशी झाड, कोण विचारतं? आता माझ्या कुजण्याला हळदकुंकू लागलं.

आणि ज्या स्मिताकाकूंनी सुनेच्या नावानं झाड वाळवलं होतं, त्याच म्हणाल्या, "देखो भई, मी तर पहिल्यापासून म्हणतेय, सून पायगुणाची आहे. तिच्या पहिल्याच चतुर्थीला स्वयंभू प्रकट झाले!"

सरोजिनीताईंनी त्या दिवशी शिवांगीच्या गालावरून हात फिरवला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. मी बघितलं, त्या पोरीनं डोळे मिटून घेतले होते. तहानलेल्याला पाणी मिळावं तसा तो हात तिला मिळाला, आणि तो कुठून आलाय ते तिला ठाऊक होतं.

कारण आदल्याच दुपारी, सगळे झोपलेले असताना, ती माझ्याजवळ आली होती. बोटाच्या पेरांनी तिनं मला वाजवून पाहिलं. गौतमपुऱ्याची आहे ती. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथं हिंगोट पेटवून एकमेकांवर फेकतात. हिंगोट म्हणजे लिंबाएवढं टणक फळ. महिनाभर आधी ते आतून कोरायचं, वाळवायचं आणि त्यात फटाक्याची दारू भरायची. शेजारच्या ओसरीवर बसून पोरं कोरलेली फळं कानाशी धरून टिचकी मारत, नीट पोकळ झालंय का बघायला. पोकळ कसं वाजतं, हे त्या बोटांना लहानपणापासून माहीत होतं. तिनं खाली वाजवलं, थोडं वर वाजवलं, मग वळसा घालून मागून. मग गेरूवर अंगठा दाबला. अंगठा पेरभर आत गेला.

तिनं तो बाहेर काढला, पदराला पुसला, आणि बराच वेळ माझ्याकडे नाही, घराकडे बघत राहिली. मी झुकतोय तिकडे. माझी उरलेली मोठी फांदी तिच्या आणि भूषणच्याच खोलीवर आहे.

भूषणला तिनं सांगितलं. स्कूटर पुसत होता, माझ्याच खाली.

"आतून पोकळ आहे. पडेल ते."

"अगं, आई आता कुठं खूश झालीय. गणपती होऊ दे, मग दाखवू ना कोणाला तरी. दहा दिवसांत काय होतंय?"

"ते वाऱ्याला विचारलंस?"

तो हसला. "तू पण ना. बाबांना सांगशील तर त्यांचा बीपी वाढेल. आजोबांनी लावलंय. आणि तुलाच बोलतील सगळे, बघ. आत्ता देवी केलीय, उद्या परत..."

तो पुन्हा स्कूटर पुसू लागला. दोष लागला होता तेव्हा ती गप्प होती, कारण बोलली असती तर स्वतःला वाचवतेय असं झालं असतं. आता मान मिळाला होता, आणि बोलली तर तो जाणार होता. दोन्ही वेळा तोंडाला कुलूप, फक्त किल्ली बदललेली.

मधल्या दिवसांत मी काय काय पाहिलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या अंगणात कधी दिसलं तर ओळखता येईल. आधी खारी गेल्या. मग कावळ्यांनी यंदा घरटं बांधलंच नाही. पश्चिमेकडचे दोन ठोकळे बोटभर उचलले गेले आणि त्यांच्यामध्ये एक चीर पडली. चीर वाढतेय का बघायला शिवांगीनं तिच्यात हरभऱ्याची डाळ अडकवून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी डाळ आणखी खाली गेलेली. तिनं पुन्हा टाकली. पुन्हा खाली. घरातल्यांना वाटलं, सून मुंग्यांना खाऊ घालते, किती मायाळू.

आणि माझ्या आतून आवाज येतो. कट्. वारा नसतानाही. थोड्या वेळानं पुन्हा, कट्.

शाळेत असताना भूषण माझ्या सावलीत बसून निबंध पाठ करायचा. त्यातलं झाड हात जोडून म्हणायचं, मला तोडू नका. छान निबंध होता. पण माझं मागणं उलटं आहे. मला तोडा. उभा असताना तोडा, दोरखंड बांधून, फांदी फांदी करून, सावकाश, माझ्याखाली कुणी नसताना. मी शरदचंद्राच्या हातचं पाणी प्यायलोय. त्याच्या घरावर पडून मरायचं माझ्या नशिबी आणू नका. झाडाला जपणं म्हणजे ते मेल्यावरही त्याला उभं ठेवणं नव्हे. हे मला सांगता येत नाही. मी फक्त कट् म्हणू शकतो.

आज गणपतीतला रविवार. सकाळपासून घरात मोदकांची गडबड आहे. महिला मंडळाची अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं, आणि ती माझ्यासमोर, म्हणजे त्या अळंबीसमोर. भाड्याच्या चाळीस खुर्च्या लागल्या. ऊन नको म्हणून वर कापडी छत ताणलं, आणि त्याचे दोन दोर बांधले माझ्याच बुंध्याला. कापडात पश्चिमेचा वारा भरला की ते शिडासारखं फुगतं आणि मला घराच्या बाजूला ओढतं. आकाश भरून आलंय. बायका आल्यात, जरीच्या साड्या, हातात छोटी पुस्तकं. स्मिताकाकूंनी मानाची जागा धरलीय, पहिल्या रांगेत, माझ्या मोठ्या फांदीच्या बरोबर खाली. शरदचंद्र धोतर सावरत शेवटची खुर्ची सरळ करतायत.

"शिवांगी, ये गं," सरोजिनीताईंनी हाक मारली. आवाजात खरी माया होती. "पहिलं कुंकू तू लाव. तुझ्याच पायगुणाचा आहे तो."

ती तबक घेऊन पायरी उतरली. वाऱ्याचा एक झोत आला, कापड फुगलं, दोर ताणले. माझ्या आत काहीतरी तुटलं, कट् नव्हे, त्याहून मोठं. बायका पुस्तकाचं पान शोधत होत्या. वर फक्त तिनं पाहिलं. मग चिरेकडे. चिरेत आता मूठ गेली असती.

बोल, बाई. आता तरी बोल.

तिनं तबक फरशीवर ठेवलं. पाण्याचा तांब्या उचलला आणि त्याच्या बुडानं मला कुंकवाच्या वर, गेरूवर, तीनदा ठोकलं. ढब. ढब. ढब. मडकं वाजवून विकत घेणाऱ्या बायका त्या. सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. गेरूचा पोपडा सुटला, आतून ओला काळा भुसा तिच्या नव्या साडीवर सांडला. शरदचंद्र उभे होते तिथंच थिजले.

"अगं, काय करतेस! देव आहे तो!" सरोजिनीताई ओरडल्या.

शिवांगीचा आवाज मी नऊ महिन्यांत एवढा मोठा कधी ऐकला नव्हता.

"आई, मी आले म्हणून हे झाड वाळलं नाही, आणि मी आले म्हणून इथं बाप्पाही उगवले नाहीत. हे आतून सडलंय, मी यायच्या कितीतरी आधीपासून. अंगण पक्कं करताना याची मुळं आपणच तोडली. बाबा, मला माफ करा, पण आजच्या आज हे उतरवायला माणसं बोलवा. मला जे बोलायचं ते नंतर बोला, मी ऐकीन. भूषण, आधी ते दोर काप. आणि सगळ्या उठा, घरात नको, फाटकाबाहेर चला, पडलं तर घरावरच पडेल. स्मिताकाकू, तुम्ही आधी. ती फांदी तुमच्याच डोक्यावर आहे."