‘हो मॅडम’ म्हणणारी मुलगी

लग्नसराई जवळ आली की फिलिपिन्समधल्या आमच्या लुंबानमध्ये भरतकामाच्या प्रत्येक दुकानाची एकच गत होते. शिवणयंत्रापेक्षा फोन जास्त वाजतो. मनिलात कुणाला नवरदेवासाठी बारोंग, म्हणजे आमचा भरतकामाचा झिरझिरीत सदरा, हवा असतो, सेबूहून कुणी सदऱ्याची मापं पाठवतं, कुणी नुसता भाव विचारून गायब होतं. आमच्या गल्लीतल्या अशाच एका दुकानाची मालकीण लुवी एका हाताने कापड धरायची, दुसऱ्या हाताने उत्तरं लिहायची आणि दोन्ही कामं बिघडवून ठेवायची. शेवटी तिने हात टेकले. घरबसल्या फोन आणि संगणकावरून दुकान सांभाळणारी एखादी असिस्टंट ठेवायचं तिने ठरवलं.

अशा मुलींना आमच्या देशात तोटा नाही. अर्ध्या जगातल्या दुकानांच्या गिऱ्हाइकांना आमच्याच पोरी उत्तरं देत असतात. लुवीने जाहिरात टाकली आणि त्यात इथे सगळेच टाकतात ती ओळही टाकली, की स्वभाव गोड हवा.

बऱ्याच अर्जांतून दोघी उरल्या. पहिली सुरिगावची जोनाबेल. व्हिडिओवर बोलणं सुरू झालं आणि लुवीने काही विचारायच्या आत तिनेच विचारायला सुरुवात केली. भरतकामाला बायका किती, एका बारोंगला वेळ किती लागतो, गिऱ्हाइकाने अशक्य तारीख मागितली तर त्याला काय सांगायचं? लुवीच्या कपाळावर आठ्या चढल्या. नोकरी मी देतेय की ती मला देतेय, असं तिने नंतर थोरल्या बहिणीला तणतणत सांगितलं. दुसरी बातांगासची क्रिस्टलिन. तिचा आवाज मधाळ आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘हो मॅडम’. लुवीने तिला तिथल्या तिथे पक्की केली.

पहिले काही दिवस लुवी हवेत होती. फोन शांत, गिऱ्हाइकं खूश, आणि क्रिस्टलिनचं बोलणं तर असं की ऐकत राहावं. एकदाच तिने विचारलं होतं, अननसाच्या तंतूंचं कापड आणि साधं रेशमी कापड यांत फरक काय, मॅडम? लुवी तेव्हा बाह्या कापत होती. एवढंही कळत नसेल तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल, असं ती फटकन बोलून गेली. त्यानंतर क्रिस्टलिनने एकही प्रश्न विचारला नाही. पोरगी कशी झटपट तयार झाली, असं लुवी गल्लीभर सांगत सुटली. आम्हीही माना डोलावल्या. आमचं काय जात होतं!

मग एका सोमवारी कुणा नवरदेवाच्या आईचा निरोप आला. शनिवारी सकाळी कपडे न्यायला येतो, नवरदेवाचा एक आणि लग्नातल्या मानाच्या साक्षीदारांचे दहा, सगळे हाताने भरलेले.  या कामाचा एक टाकाही पडला नव्हता. हाताने भरलेला एक बारोंग करायला आमच्या बायकांना काही आठवडे लागतात. तिने क्रिस्टलिनला फोन लावला.

“शनिवारपर्यंत अकरा बारोंग देते असं तू कबूल केलंस?”

“हो मॅडम.”

“आणि मला कधी सांगणार होतीस?”

 पलीकडून अगदी बारीक आवाजात ‘सॉरी मॅडम’ आलं आणि लुवीने फोन आपटला. तिने लगेच जोनाबेलचा नंबर काढला. जोनाबेल आदबीने बोलली, पण तिला दुसरीकडे काम लागलं होतं आणि ती तिथे सुखात होती.

तेवढ्यात थोरली देल्फिना पान्सित नूडल्सची वाटी घेऊन आली. देल्फिनाची उमेदीची वर्षं हाँगकाँगमध्ये लोकांच्या घरी धुणीभांडी आणि मुलं सांभाळण्यात गेली. परत आल्यापासून ती कुणाचं ऐकून घेत नाही, पण धाकटीचे नखरे मात्र चालवून घेते. त्या दिवशी तिने तेही चालवून घेतले नाहीत.

“काढून टाकते तिला,” लुवी म्हणाली. “गोड बोलून गळा कापला माझा.”

“टाक. आणि पुढची आण. तीही हेच करेल.”

“का म्हणून?”

“मालकीण तर तूच राहणार ना!” देल्फिनाने वाटी तिच्यापुढे सरकवली. “खा आधी. लुवी, माझी तिथली मॅडम आठवते? पहिल्या आठवड्यात मी तिला काहीतरी विचारलं तर ती म्हणाली, प्रश्न विचारणारी बाई मला नको. झालं, मी गप्प. पुढे एकदा स्वयंपाकघरात गॅसचा वास यायला लागला. मी दोन दिवस बोलले नाही. म्हटलं, तक्रार केली तर घरी पाठवेल. शेजारणीने दार ठोठावलं म्हणून वाचलो सगळे. मॅडमचा पोरगासुद्धा.”

“हे तू कधी बोलली नाहीस.”

“काय बोलू? मॅडम सगळ्यांना सांगायची, माझी बाई किती गुणी! अगं, मी गुणी नव्हते. मला तिची भीती वाटायची. तुला जी पोरगी आवडली ना, ती मीच आहे.”

लुवीचा घास हातातच राहिला. आपल्या बहिणीला असं वागवणाऱ्या बाईला तिने किती वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या! आणि त्याच बाईचे शब्द तिच्या स्वतःच्या तोंडून निघाले होते. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

तिने पुन्हा फोन लावला. चूक तुझी आहे, पण तू विचारू नयेस अशी सोय मीच केली होती, हे तिने सरळ कबूल केलं. मग अजून काय काय विचारायचं राहिलंय ते विचारलं. क्रिस्टलिन आधी रडली आणि मग धबाधबा बोलली. आणखी दोन गिऱ्हाइकांना अशाच तारखा दिल्या होत्या. कापडांतला फरक अजूनही कळला नव्हता. लुवीने तो फरक समजावून सांगितला, आणि खरं सांगायचं तर त्याला फार वेळही लागला नाही.

नवरदेवाच्या आईला क्रिस्टलिननेच फोन केला. कपाटातला एक जवळजवळ पुरा झालेला बारोंग नवरदेवाच्या मापाचा करून देऊ, साक्षीदारांना मात्र यंत्रावर भरलेले घ्यावे लागतील, असं तिने काही न लपवता सांगितलं. बाईंनी तिची आणि लुवीची चांगली खरडपट्टी काढली. पण आज कळलं हे बरं झालं, शनिवारी दारात कळलं असतं तर काय केलं असतं, असं म्हणत त्या तयार झाल्या. उरलेल्या दोघांनी तारीख पुढे नेली. दुकानाचं नाव थोडक्यात वाचलं.

या गोष्टीला काही महिने झाले. परवा एका मोठ्या हॉटेलाने गावच्या जत्रेआधी सगळ्या नोकरांसाठी बारोंग मागितले. लुवीच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने क्रिस्टलिनला सांगितलं, त्यांना हो कळवून टाक.

“नाही मॅडम,” क्रिस्टलिन म्हणाली. “बायकांच्या हातात आधीचंच काम आहे. घाई केली तर टाके सैल पडतील आणि त्यांच्या डोळ्यांची वाट लागेल. जत्रेनंतरची तारीख चालेल का, ते विचारू?”

लुवीचा जुना पारा चढायला लागला होता. मी तिथेच कॉफी पीत बसले होते, मला तो दिसला. मग ती हसली. “विचार,” म्हणाली, आणि दिवसभर खुशीत होती.

मंडळी, दुकानासाठी चांगलं माणूस कसं निवडावं, असं लोक लुवीला हल्ली विचारतात. तिच्या वतीने मीच सांगते. जे माणूस तुम्हाला प्रश्न विचारतं ते निवडा, आणि निवडल्यावर त्याची जीभ कापू नका. तुमच्या दुकानात, कचेरीत, स्वयंपाकघरात जे कुणी तुमच्या हाताखाली असेल, त्याच्या तोंडून शेवटचं ‘नाही’ तुम्ही कधी ऐकलं ते आठवून पाहा. आठवत नसेल, तर ते माणूस तुम्हाला घाबरतंय. आज घरी जा आणि त्याला विचारा, काय सांगायचं राहिलंय?