एकाच खोलीचा गारवा

"शेजारच्या खोलीतलं यंत्र काढून इथे बसवू का, ते एकदा सांगा, मावशी. मला अजून दुसरीकडे जायचंय," मेकॅनिक शिडीवरून म्हणाला.

प्राणिसंग्रहालयातल्या हिमबिबट्याच्या खोलीचं गारव्याचं यंत्र सकाळी बंद पडलं होतं. नवं यायला आठवडा होता आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं. एवढं रुबाबदार जनावर फरशीला पोट चिकटवून धापा टाकत पडलं होतं. शेजारच्या खोलीत, चालू यंत्राच्या गारव्यात, काचेच्या पेटीत अंगठ्याएवढे बेडूक. दोघांचीही जात जगातून उठत चाललेली. पण बिबट्यापुढे गर्दी हटत नसे. बेडकांपुढे लोक "यात काहीच नाहीये" म्हणत पुढे सरकत. मावशी दोघांचं करायची.

साहेब आले. "बेडकांचं काढा. लोक बिबट्याला बघायला येतात."

पेटी बिबट्याच्या खोलीत ठेवावी, तर एका पंजात चुरा. आणि त्याची ती धाप मावशीलाही बघवत नव्हती.

"काढा," ती म्हणाली.

पेटी तिने पाण्याच्या टाकीखालच्या थंड कोठीत नेली, वर ओलं गोणपाट टाकलं. ते सारखं भिजवत राहायचं, वाळलं की संपलं.

संध्याकाळी तिला लेकीच्या बाळंतपणाला निघायचं होतं. बदलीवर आलेल्या माणसाने कोठीत डोकावून नाक मुरडलं. "बिबट्याला मांस टाकेन. हे बेडकांचं लचांड माझ्या गळ्यात नको."

मावशीने लेकीला फोन लावला. "पोरी, मला नाही गं निघता येत."

"का? बिबट्या आजारी आहे?"

"नाही. बेडूक."

लेक म्हणाली, "बिबट्या आजारी आहे म्हणाली असतीस, तर सासूबाईंना सांगायला तरी बरं पडलं असतं."

कोठीला खिडकी नव्हती. मावशी तिथेच बादलीशेजारी अंथरूण टाकून पडायची. डोळा लागला तरी हात गोणपाटावर. तरीही दोन बेडूक गेले. वर यंत्राच्या गारव्यात बिबट्या पुन्हा भिंतीलगत फेऱ्या घालू लागला होता.

नवं यंत्र यायच्या आदल्या दिवशी जावयाचा फोन आला. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

मावशीच्या हातात निथळतं गोणपाट होतं. तिने फोन खांद्याने कानाशी दाबला. "तिला दे ना जरा."

जावई म्हणाला, "झोपलीय ती."

त्याच्या मागे लेक बाळाशी बोलत होती. मावशीला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"बरं," ती म्हणाली. "झोपू दे."

आणि तिने गोणपाट पेटीवर नीट पसरलं.