बुडालेल्या गलबतातलं जातं

शहाण्णव साली सुकदेवच्या घरी सुरतेत पहिल्यांदाच कानबाई, खानदेशची देवी, बसणार होती. आजवर सणाला सगळे गावी, अमळनेराकडे जात. यंदा थोरल्या भावाने सांगून टाकलं, "आता देवी तुझ्याकडे. आम्ही येतो." कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू घरच्या जात्यावर दळायचे. चक्कीत दहा घरांचं पीठ मिसळतं, ते देवीला चालत नाही. आणि सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत जातं कुठलं?

तेवढ्यात सुकदेव कामाला होता त्या लूमच्या कारखान्यात बातमी आली. मगदल्ल्याच्या बंदराजवळ फार वर्षांपूर्वी नव्या जात्यांनी भरलेलं गलबत बुडालं होतं. अमावास्या-पुनवेच्या मोठ्या ओहोटीला त्याच्या फासळ्या उघड्या पडतात आणि लोक चिखलातून जाती काढून आणतात.

आषाढी अमावास्येला सुकदेव आणि शेजारच्या खोलीतला बन्सीलाल सायकली घेऊन निघाले. सुकदेव गलबताच्या पुढच्या टोकाला उकरू लागला, बन्सीलाल मागच्या. पाणी परतायच्या आत दोघांनी दोन-दोन दगड कॅरिअरला बांधले.

"लोण्यासारखं फिरेल माझं," बन्सीलाल म्हणाला.

"तुझं फिरेपर्यंत माझे रोट भाजून होतील."

घरी बायकोने, धुरपदाबाईने, नळाखाली चिखल धुतला. दोन्ही दगडांना मधोमध खिळीपुरतं बारीक भोक. दाणे टाकायचं तोंड नाही, खुंट्याला जागा नाही. दोन्ही खालच्याच तळ्या!

"ओ गजेंद्रना बाप," ती म्हणाली, "नवरी लयनाच नहीत, दोन्ही नवरदेवच उचली लयनात!"

सुकदेवचा चेहरा पडला. कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी आणि पुढची मोठी ओहोटी पुनवेला. तोवर पाहुणे जेवून परत गेलेले असणार. "कोणाला बोलू नको," तो एवढंच म्हणाला.

चहाच्या हातगाडीवर बन्सीलालने विचारलं, "काय, फिरतं का?"

"भिंगरी! तुझं?"

"माझं तर थांबतच नाही."

शुक्रवार उजाडला. भाऊ उद्या येणार. धुरपदाबाई गव्हाची टोपली पुढ्यात घेऊन बसली होती.

"बन्सीलालचं थांबत नाही म्हणतात," ती म्हणाली, "मग घरघर कशी ऐकू येत नाही? मधी पत्राच तर शे."

"म्हणजे त्याचंही अडलंय!" सुकदेव उठला. मग एक तळी खांद्यावर घेतली आणि बाहेर पडला. भर दुपारी सगळ्या गल्लीदेखत. तीन पावलं गेला असेल, तोच समोरून बन्सीलाल आला. त्याच्याही खांद्यावर दगड, मोठ्या तोंडाचा, कडेला खुंट्याचं भोक असलेला.

दोघे थांबले. दोघांनी एकमेकांचे दगड पाहिले.

"थांबत नाही ना रे तुझं?" सुकदेवने विचारलं.

"भिंगरी भेटल्याशिवाय कसं थांबेल?"

गल्ली हसली. माल भरणाऱ्याने गलबतात पुढे सगळ्या तळ्या रचल्या होत्या, मागे सगळे वरचे दगड, हे दोघांना तिथे उभ्या उभ्या कळलं. दगडांची अदलाबदल झाली. टाकीचे घाव अजून खरखरीत होते, त्या जात्यांवर आजवर एक दाणाही पडला नव्हता. पहिल्या दळणात रेती आली, ते गाईला घातलं. मग दोन्ही घरांतून घरघर सुरू झाली आणि पत्र्यापलीकडून बन्सीलालच्या बायकोने, अनुसयाने, गाणं धरलं.

शनिवारी भावाने जात्यावरून हात फिरवला. "दगड झकास. कोणी निवडला?"

सुकदेवने छाती पुढे काढली. धुरपदाबाईने मूठभर गहू जात्यात टाकले.

"सांगा ना," ती म्हणाली. "आणि पुढल्या खेपले मी येसू संगे."