गरम पातेल्याखालचे स्पॅनिश व्याकरण

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे, स्पॅनिश शिकू पाहणाऱ्यांसाठी लिहिलेले साधेसुधे व्याकरण. छापखान्यात माझ्या पाठीला डिंक लागला तेव्हा वाटले होते, कुणीतरी मला मांडीवर घेईल आणि मोठ्याने क्रियापदे म्हणेल. पण परदेशातून परतलेल्या एका थोरल्या सुनेने मला सामानातून काढले आणि ओट्यावर टाकले. भाषा तिला आता तोंडपाठ होती. माझ्यावर ती उकळत्या दुधाचे पातेले ठेवी. माझे मुखपृष्ठ करपले आणि मी मनात डूख धरला.

त्या घरात डूख धरणारी आणखी एक होती, धाकटी सून. जेवताना थोरला मुलगा आणि त्याची बायको तिच्याकडे बघत स्पॅनिशमध्ये काहीबाही बोलत आणि खिदळत. एकदा त्यांतले दोन शब्द तिने पक्के ध्यानात ठेवले: "एस तोन्ता." मग पातेले बाजूला करून तिने मला पुसले आणि आपल्या खोलीत नेले.

मी तिला सांगितले, 'तोन्ता' म्हणजे मूर्ख बाई. पुरुष असता तर 'तोन्तो'. आणि स्पॅनिशमध्ये 'आहे' दोन प्रकारचे. एक तेवढ्या वेळेपुरते, दुसरे मूळ स्वभावाचे. 'एस' हे दुसरे.

"म्हणजे आजच्यापुरती नाही, मी जन्माचीच मूर्ख," ती पुटपुटली. "बघतेच आता."

इस्त्री करताना, भाजी निवडताना ती मला समोर उघडून ठेवू लागली. कर्ता गाळला तरी क्रियापदाच्या शेपटावरून तो ओळखावा, हेही मी शिकवले. आपल्या 'जातेस'मध्ये 'तू' दडलेली असते, तसेच. जेवताना ती आता मान खाली घालून सगळे ऐके.

घर सासूबाईंच्या नावावर होते. एके दिवशी थोरल्याने त्यांच्यापुढे कागद सरकवले. "आई, घरदुरुस्तीचे आहेत. सही कर."

त्याची बायको हसून त्याला म्हणाली, "ओई फिर्मा. मान्याना ला कासा एस नुएस्त्रा."

धाकटीने सासूबाईंच्या हातातले पेन काढून घेतले.

"आई, ताई काय म्हणाल्या सांगू? 'ओई', आज. 'फिर्मा', सही करते. शेवटी 'आ' आहे, म्हणजे मी नाही, तू नाही, ती. म्हणजे तुम्ही. 'मान्याना', उद्या. 'ला कासा एस नुएस्त्रा', घर आपलं. त्या दोघांचं."

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला कुणी शिकवलं?"

"तुमच्याच पुस्तकानं, ताई."

मित्रांनो, तो चेहरा मी डोळे भरून पाहिला. खोटे कशाला बोलू, फार बरे वाटले.

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी कागद फाडले आणि दुपारी धाकटीजवळ येऊन बसल्या. "मलाही शिकव."

"शिकवते. आधी नामांचं लिंग बघू."

"ते राहू दे. हुकूम कसा सोडायचा, ते कुठल्या पानावर आहे?"

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्या थोरल्या मुलासुनेसमोर उभ्या राहिल्या आणि एकच शब्द म्हणाल्या, "साल्गान!"

निघा.

संध्याकाळपर्यंत दोघांच्या बॅगा दाराबाहेर होत्या.

मित्रांनो, पुस्तके जपा. नाही जपलीत, तर आम्ही ओरडणार नाही, भांडणार नाही. ज्यांना तुम्ही हसता, त्यांच्या हाती जाऊन पडू, एवढेच.